जेजुरी एका दिवसात: जाताना पॅसेंजर, येताना लालपरी

पुण्याहून जेजुरीला एका दिवसात जाऊन यायचं तर बहुतेक जण गाडी काढतात किंवा दोन्ही वेळा एसटी धरतात. तिसरा एक मार्ग आहे. सकाळी मिरज मार्गावरच्या पॅसेंजरने जायचं, गड करायचा, परतताना एसटीने सासवडला उतरून पुढच्या बसने दिवे घाट उतरायचा. या तिन्हींत हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे आणि एकाच दिवसात पुरंदर तालुका दोन अंगांनी बघायला मिळतो. पण स्वस्त म्हणजे किती, हे घरातून कोण कोण निघालंय यावर ठरतं. काही चुका अशा आहेत की भाड्यात वाचवलेले सगळे पैसे रिक्षात जातात. म्हणून हिशेब नीट मांडतो.

आधी रेल्वे. कोविडनंतर पॅसेंजर गाड्या ‘स्पेशल’ म्हणून धावू लागल्या आणि त्यांना एक्स्प्रेसचं भाडं लागू झालं. दहा रुपयांच्या प्रवासाला तीस रुपये मोजावे लागत होते. रोज कामाला जाणारा माणूस, भाजीची पाटी घेऊन निघालेली बाई, कॉलेजची मुलं यांच्यावर हा अन्याय होता आणि तो बरीच वर्षं चालला. २०२४च्या फेब्रुवारीत जुनं साधारण भाडं परत लागू झालं. आता पॅसेंजरचं किमान भाडं १० रुपये आहे आणि पुणे ते जेजुरी हे पन्नास-साठ किलोमीटरचं अंतर माणशी वीस रुपयांच्या आत होतं. पुण्यात कटिंग चहा आणि वडापाव घेतला तरी याहून जास्त पैसे लागतात.

याच रुळांवर एक्स्प्रेस गाड्याही धावतात आणि गोंधळ तिथेच होतो. मेल-एक्स्प्रेसच्या जनरल डब्याचं किमान भाडं ३० रुपये आहे. गाडी सुपरफास्ट असेल तर त्यावर १५ रुपये अधिभार. साधारण तिकीट घेऊन एक्स्प्रेसमध्ये बसलात तर ते तिकीट चालत नाही. तपासनीस भाड्यातला फरक आणि वर दंड घेऊ शकतो. बिनतिकीट सापडल्यावरचा किमान दंड २५० रुपये आहे आणि भाडं वेगळं. म्हणजे वीस रुपयांच्या प्रवासाचे पावणेतीनशे व्हायला वेळ लागत नाही.

गाडी कोणती हे नंबरावरून ओळखता येतं. पाच आकडी नंबर ५ने सुरू होत असेल तर पॅसेंजर, ६ने होत असेल तर मेमू, ७ने होत असेल तर डेमू. या तिन्हींना साधारण भाडं लागतं. १ किंवा २ने सुरू होणारा नंबर म्हणजे मेल-एक्स्प्रेस. ०ने सुरू होत असेल तर गाडी स्पेशल आहे, तिकीट काढण्याआधी खिडकीवर भाडं विचारून घ्या. खिडकीवर नुसतं ‘जेजुरी एक’ म्हणू नका, ‘जेजुरी, पॅसेंजरचं’ असं सांगा. मोबाइलवर रेल्वेच्या ‘रेलवन’ अ‍ॅपवरून अनारक्षित तिकीट काढताना गाडीचा प्रकार निवडावा लागतो, तिथे ‘ऑर्डिनरी’ हाच पर्याय घ्या. बऱ्याच जणांकडून घाईत एक्स्प्रेसचा पर्याय दाबला जातो आणि चौघांचे विनाकारण पन्नास-साठ रुपये जास्त जातात. फलाटावर पोहोचल्यावर अ‍ॅपवर तिकीट निघेल या भरवशावरही राहू नका. स्थानकाच्या हद्दीत ते अडतं, मग आवारात लावलेला क्यूआर कोड शोधावा लागतो. घरातूनच काढलेलं बरं. पण फार आधीही काढू नका. १९९ किलोमीटरपर्यंतचं अनारक्षित तिकीट काढल्यापासून तीन तासांत, किंवा त्या दिशेची पहिली गाडी सुटेपर्यंत वापरायचं असतं. रिटर्न तिकीट काढू नका, येताना आपण रेल्वेने येणार नाही.

गाडीची वेळ आदल्या संध्याकाळी १३९ वर फोन करून किंवा रेल्वेच्या अ‍ॅपवर बघून घ्या. पॅसेंजरच्या वेळा बदलतात, ब्लॉक असला की गाडी रद्दही होते. दिवसातल्या पॅसेंजर मोजक्या आहेत. एक चुकली तर पुढच्या गाडीसाठी थांबण्यात अर्थ नाही, सरळ स्वारगेट गाठा आणि जातानाही एसटी धरा.

स्टेशनांची नावं फसवतात

या मार्गावर पहिल्यांदा जाणाऱ्याने तीन नावं लक्षात ठेवावीत. घोरपडीनंतर लागणारं ‘सासवड रोड’ हे सासवडचं स्टेशन नाही. ते घाटाच्या अलीकडे, फुरसुंगीच्या बाजूला आहे आणि खऱ्या सासवडला जायला तिथून दिवे घाट चढावा लागतो. सोपानदेवांच्या दर्शनाला निघालेली माणसं नाव वाचून तिथे उतरतात आणि मग रिक्षावाला सांगेल ते पैसे देतात. पुढचं ‘आळंदी’ हेही ज्ञानेश्वरांचं आळंदी नव्हे. तिसरं नाव हडपसरचं. हडपसर टर्मिनस दौंड मार्गावर आहे, मिरज मार्गाची गाडी तिथे जात नाही. हडपसरला राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवून पुणे स्टेशनलाच यावं.

रेल्वेचा रस्ता सडकेपेक्षा लांब आहे कारण रूळ दिवे घाट टाळून पूर्वेकडून शिंदवण्याच्या बाजूने चढतात. प्रवासातला सगळ्यात चांगला भाग तोच. फुरसुंगीपर्यंत गोदामं, प्लॉटिंगच्या पाट्या आणि इमारती सोबत असतात. आळंदी गेलं की चढ लागतो, गाडीचा वेग कमी होतो आणि मोठ्या वळणावर शेवटच्या डब्यातून स्वतःच्याच गाडीचं इंजिन दिसतं. पावसाळ्यात दारातल्या माणसांच्या अंगावर तुषार येतात, मार्चनंतर तीच टेकडी करडी होते. आंबळे, राजेवाडी ही छोटी स्टेशनं. तिथे दोन-चार माणसं उतरतात, दुधाचे रिकामे कॅन खाली ठेवले जातात, गार्ड हिरवा झेंडा दाखवतो आणि गाडी हलते. एक्स्प्रेसला वाट द्यायला पॅसेंजर मध्येच थांबवली जाते, तेव्हा कुणाला वेळ देऊन ठेवू नका. सामान्य दिवशी दीड-दोन तास धरून चाला.

जेजुरी स्टेशनातून गावात पायी जाता येतं. सामान कमी असेल आणि ऊन चढलं नसेल तर चालत जावं. रिक्षा मीटरवर चालत नाहीत. बसण्यापूर्वी ‘माणशी की पूर्ण गाडीचे’ एवढं विचारा. भांडणं बहुतेक याच एका प्रश्नावरून होतात.

गडावरचा खर्च

खंडोबाच्या दर्शनाला पैसे लागत नाहीत. तीनशेहून अधिक पायऱ्या आहेत, वाटेत दीपमाळा आणि कमानी लागतात, आणि दोन्ही बाजूंना दुकानं. खर्च होतो तो या दुकानांत. भंडारा, खोबरं, नारळ, हार यांचं ताट भरून हातात देतात आणि किंमत नंतर सांगतात. तुम्हाला भंडारा आणि खोबरं एवढंच हवं असेल तर तेवढंच मागा, कोणी अडवत नाही. भंडारा म्हणजे हळद. बाजारातल्या हळदीच्या दरापेक्षा फारच स्वस्त मिळणारी पिवळीजर्द पूड हळद नसणार हे उघड आहे आणि ती डोळ्यांत, नाकात, कपाळावर जाते. त्वचा नाजूक असलेल्यांनी, लहान मुलं सोबत असलेल्यांनी घरच्या डब्यातली हळदच नेली तर उत्तम. देवाला ती चालते.

चपला पायथ्याच्या दुकानात ठेवायची पद्धत आहे. दुकानदार त्या बदल्यात त्याच्याकडूनच ताट घ्यावं अशी अपेक्षा धरतो. पिशवी सोबत असेल तर चपला पिशवीत घालून वर नेता येतात. उन्हाळ्यात अकरानंतर पायऱ्यांचा दगड तापतो, अनवाणी चढणाऱ्यांनी त्याआधी वर पोहोचावं. सकाळच्या पॅसेंजरचा हाही एक फायदा.

रविवार हा खंडोबाचा वार. त्या दिवशी, सोमवती अमावस्येला, चंपाषष्ठीच्या दिवसांत आणि आषाढी वारीत माउलींची पालखी जेजुरीत असताना हा हिशेब लागू पडत नाही. बस भरून येतात, रिक्षाचे भाव चढतात, रांगेत तीन-तीन तास जातात. यात्रा अनुभवायची असेल तर जरूर जा, ती बघण्यासारखीच आहे. पण कमी खर्चात आरामात जायचं असेल तर मंगळवार-बुधवार धरा. वरच्या डोंगरावरचं कडेपठारही करायचं असेल तर दोन-अडीच तास वाढवा आणि सासवड सोडून द्या. एका दिवसात तिन्ही नीट होत नाहीत.

जेवणाला माणशी दीडशे रुपये पुरतात. डबा नेलात तर चहापाण्याचेच. पाण्याची बाटली घरून भरून न्या, वर चढताना एक आणि उतरल्यावर एक लागते.

एसटीचा टप्पा

एसटीचं भाडं टप्प्याने चालतं. सहा किलोमीटरचा एक टप्पा, आणि अर्धवट टप्प्यालाही पूर्ण पैसे. २५ जानेवारी २०२५ला १४.९५ टक्के भाडेवाढ झाली आणि साध्या बसचा टप्पा ८ रुपये ७० पैशांवरून १० रुपये ५ पैशांवर गेला. जेजुरी ते स्वारगेट सडकेने साधारण ४८ किलोमीटर, म्हणजे आठ टप्पे. कंडक्टरच्या मशीनमधून ऐंशी ते नव्वदच्या दरम्यानचं तिकीट निघतं. रेल्वेच्या चौपट-पाचपट. तरीही परतीला एसटीच धरा असं मी सांगतो आणि त्याचं कारण पैशांत मोजता येत नाही. बारामती, फलटण, नीरा या बाजूंनी पुण्याकडे येणाऱ्या गाड्या जेजुरीवरून जातात, त्यामुळे दुपारनंतर स्टँडवर फार ताटकळावं लागत नाही. परतीची पॅसेंजर चुकली तर संध्याकाळचा सगळा बेत बिघडतो.

सवलतींमुळे हा हिशेब घरागणिक बदलतो. १७ मार्च २०२३पासून महिलांना एसटीच्या सगळ्या बसमध्ये अर्धं तिकीट आहे. त्यासाठी कार्ड लागत नाही. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, आणि ७५ पूर्ण झालेल्यांना २६ ऑगस्ट २०२२पासून प्रवास मोफत. या दोघांनी आधार कार्ड जवळ ठेवावं, फोटोकॉपीवर काही कंडक्टर हरकत घेतात. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट. रेल्वेने मात्र ज्येष्ठांची सवलत २० मार्च २०२०ला बंद केली ती आजतागायत परत दिलेली नाही. महिलांना भाड्यात तिथे वेगळी सूट नाही.

आता एक घर धरू. नवरा, बायको, सत्तरीचे आजोबा आणि नऊ वर्षांची मुलगी. जाताना पॅसेंजरने चौघांचे मिळून सत्तर रुपयांच्या पुढे जात नाहीत. येताना एसटीत नवऱ्याचं एक पूर्ण तिकीट आणि बाकी तिघांची तीन अर्धी, म्हणजे अडीच तिकिटं. सव्वादोनशेच्या आत. जाऊन येऊन तीनशेच्या आत चौघं. हेच चार तरुण मित्र निघाले तर एसटीचे साडेतीनशे होतात आणि त्यांना परतीलाही पॅसेंजर जुळत असेल तर तीच धरणं शहाणपणाचं. उलट दोन बहिणी आणि ऐंशीची आजी असं घर असेल तर एसटीने दोन्ही वेळा गेल्यास तिघींचे मिळून पावणेदोनशे लागतात, आणि आजीला पुणे स्टेशनचा जिना चढावा लागत नाही. अशा घराने रेल्वेचा आग्रह धरू नये.

चारचाकीशी तुलना करायची तर जाऊन-येऊन शंभर किलोमीटरला सहा-सात लिटर पेट्रोल, म्हणजे सातशेच्या आसपास, आणि पार्किंग वेगळं. ज्यांच्या घरात गुडघ्याचं दुखणं आहे त्यांनी तो खर्च करावा. बाकीच्यांना गरज नाही.

खरा खर्च घर ते स्टेशन

पुण्यात रिक्षाचं मीटर २०२२च्या सप्टेंबरमध्ये पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७ असं ठरलं. कोथरूडहून पुणे स्टेशन नऊ किलोमीटर धरलं तर दीडशे रुपये होतात. परतताना स्वारगेटहून कोथरूडचे आणखी शंभरावर. चौघांच्या अख्ख्या प्रवासाचे तीनशे आणि घर ते स्टेशनचे अडीचशे, हा हिशेब कुणी आधी करत नाही. मेट्रो सुरू असेल तर तीच घ्या. वनाज ते रामवाडी मार्ग पुणे स्टेशनवरून जातो, स्वारगेटचं भुयारी स्थानक २०२४च्या सप्टेंबरअखेर सुरू झालं आणि ते एसटी स्टँडला लागून आहे. मेट्रोचं तिकीट १० ते ३५ रुपयांच्या दरम्यान. फक्त मेट्रो सकाळी सहाला सुरू होते, त्याआधीची गाडी धरायची तर उपयोग नाही.

पीएमपीने जाणाऱ्यांसाठी दोन्ही महापालिकांच्या हद्दीत चालणारा दिवसाचा पास ७० रुपयांचा आहे. घरापासून स्टेशनला दोन बस बदलाव्या लागत असतील तर तो परवडतो, एका बसने काम होत असेल तर साधं तिकीट काढा.

आणि दुचाकी पुणे स्टेशनच्या पार्किंगला लावू नका. आपण निघतो स्टेशनवरून आणि उतरतो स्वारगेटला. संध्याकाळी गाडी आणायला परत स्टेशनला जाणं म्हणजे भाडं आणि तासभराचा वेळ दोन्ही जातात.

सासवडला उतरायचं तर

जेजुरीहून निघालेली एसटी सतरा-अठरा किलोमीटरवर सासवडला येते. इथे उतरलात तर दोन तिकिटं होतात. जेजुरी–सासवड तीन टप्पे आणि सासवड–स्वारगेट सहा, म्हणजे थेट आलात त्यापेक्षा एक टप्पा जास्त. पूर्ण तिकिटाला दहा-बारा रुपये, अर्ध्याला पाच-सहा. एवढ्यासाठी सासवड टाळू नका. कऱ्हेकाठचं संगमेश्वर, चांगावटेश्वर आणि गावातलं सोपानदेवांचं समाधीमंदिर दोन तासांत सावकाश बघून होतं, तिन्ही ठिकाणी तिकीट नाही. आचार्य अत्र्यांचं हे गाव. शेजारच्या कोढीतला १८९८ साली त्यांचा जन्म झाला.

सासवडहून पुढे पीएमपीच्या बसही आहेत. त्यांचा दर २० ते २५ किलोमीटरला ५०, ३० ते ४० किलोमीटरला ७० रुपये असा आहे आणि महिलांना तिथे एसटीसारखी अर्ध्या तिकिटाची सोय नाही. म्हणून घरातल्या बायका-मुलांनी एसटीची वाट बघावी. हडपसर, मगरपट्टा भागात राहणाऱ्यांनी स्वारगेटपर्यंत न येता गाडीतळाला उतरावं, तिकीटही तिथपर्यंतचंच मागावं. कंडक्टर न विचारता पुढचंच देतो.

एसटीच्या मशीनवर आता यूपीआयने पैसे देता येतात. घाटात रेंज गेली की ते अडकतं, तेव्हा दोनशे रुपये सुटे जवळ असू द्या. तिकीट हातात आलं की त्यावर ‘महिला सन्मान’ किंवा अर्ध्याची नोंद आहे का ते लगेच बघा, गर्दीत पूर्ण तिकीट निघतं आणि उतरल्यावर तक्रार करून उपयोग नसतो. बसमध्ये दीड तास स्वच्छतागृहाची सोय नाही, ते सासवड स्टँडवरच आटोपून घ्या.

पिशवीत थोडी जागा ठेवा. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि हंगामात सासवडला ते शेतकऱ्याकडून घेता येतं. पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून सीताफळ असतं. पुण्यातल्या दुकानापेक्षा भाव बरा आणि माल त्याच दिवशी तोडलेला. अंजीर जेजुरीला जाताना घेऊ नका, दिवसभर उन्हात फिरवलं तर मऊ पडून पिशवी खराब होते. बसमध्ये चढण्याआधी घ्या, मांडीवर ठेवा, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा.

हे एकदा जमलं की पुढचा बेत वाठारचा करा. तीच पॅसेंजर पुढे वाठार स्टेशनला जाते. घाटावर मोटारी नव्हत्या तेव्हा महाबळेश्वर-पाचगणीला जाणारे लोक इथेच उतरत. तिथून एसटीने वाईला जायचं, घाट आणि ढोल्या गणपती बघायचा, आणि वाईहून थेट स्वारगेटची बस धरायची. भाडं जेजुरीपेक्षा दुपटीच्या आसपास जाईल. वाठार ते वाई गाड्या मात्र मोजक्याच असतात, तेव्हा निघण्याआधी वाई आगारात फोन करून त्या वेळा लिहून घ्या आणि मगच रेल्वेचं तिकीट काढा.